कोचीच्या विमानात बाप्तिस्म्याचा झगा

झगा हातसामानातच न्यायचा, हे आईने ठरवलं. कोचीला माझ्या भावाच्या, ऑल्विनच्या मुलीचा बाप्तिस्मा होता. आमच्या घरातल्या प्रत्येक बाळाचा पांढरा झगा आजवर आईनेच शिवला आणि भरला. या खेपेला मात्र तो मी भरत होते. गेल्या वर्षी आईला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात आता हलतो, पण त्याला कापरं भरतं. तेव्हापासून तिने सुई धरलेली नव्हती. खुर्चीत बसून माझ्या टाक्यांना नावं ठेवणं तेवढं चोख चालू होतं.

घेरावरची थोडी फुलं राहिली होती.

“विमानात भर,” आई म्हणाली. “आणि झगा मोठ्या बॅगेत टाकू नकोस. बॅग हरवली तर पोरीला काय घालायचं?” (आई आमच्या घरच्या बोलीत बोलते, सगळ्यांना कळावं म्हणून साध्या मराठीत लिहिते आहे.)

वसईजवळच्या आमच्या गासहून मुंबईचं विमानतळ म्हणजे टॅक्सीचे दीड हजार तरी धरा, आणि घोडबंदरच्या पुलाशी कधी अडकाल याचा नेम नाही. आम्ही अडकलोच. घरून आणलेली उकडलेली अंडी आणि पाव तिथेच संपले. सोबत वयस्कर माणूस असेल तर तिकीट काढतानाच व्हीलचेअर सांगून ठेवा, आमची दारातच उभी होती.

तपासणीत माझी पिशवी बाजूला काढली गेली. गणवेशातल्या बाईंनी सुयांची डबी उघडली, भरतकामाची रिंग उलटसुलट केली, आणि तळातून माझी छोटी कात्री बाहेर काढली.

“ही जाणार नाही.”

“मॅडम, एवढीशीच आहे. दोरा कापायला.”

“नियम आहे, ताई.” त्यांनी सुया पुन्हा हातात घेतल्या. सुया बहुतेक वेळा सोडतात असं मी वाचलं होतं, पण शेवटचा शब्द तपासणाऱ्याचा.

व्हीलचेअरमधून आई म्हणाली, “बाळाचा झगा आहे हो. रविवारी बाप्तिस्मा आहे. अर्धवट राहिलाय.”

बाईंनी झगा बघितला. घेरावरून एक बोट फिरवलं. “सुया न्या, मावशी. बंद डबीत ठेवा. कात्री मात्र इथेच राहील.”

तेव्हा कात्री मोठ्या सामानात टाका, आणि दोरे घरूनच कापून न्या. मला हे नंतर सुचलं.

आईचा हा पहिलाच विमानप्रवास. विमान उडालं तेव्हा डाव्या हातात जपमाळ होती आणि डोळे मिटलेले. पट्टे सोडायची सूचना झाल्यावर मी झगा काढला. गाठीचा टाका घालायला गेले तर दोरा सुटला. पुन्हा घातला, पुन्हा सुटला.

“दे इकडे,” आई म्हणाली.

मी तिच्याकडे बघतच राहिले.

“बघतेस काय? रिंग धर.”

तिने उजव्या हातात सुई घेतली. सुई थरथरत कापडावर आली, चुकली, परत आली. मी रिंग घट्ट धरली. ती वरून सुई टोचायची, मी खालून ओढून घ्यायचे आणि परत वर द्यायचे. शेजारच्या सीटवरच्या गृहस्थांनी वाचायचं सोडून आमच्याकडे तोंड केलं होतं. फूल पुरं झालं तेव्हा आईच्या कपाळावर घाम होता. कात्री नव्हती. तिने वाकून दाताने दोरा तोडला. आम्हाला मात्र जन्मभर त्यासाठी ओरडली!

फूल वाकडं झालं होतं.

कोचीला ऑल्विन घ्यायला आला होता. घरी त्याच्या बायकोने, अंजूने, गरम अप्पम आणि नारळाच्या दुधातला स्ट्यू वाढला. जेवणानंतर ती झगा निरखू लागली. ती मल्याळी, आईशी हट्टाने मराठीत बोलते.

“मम्मी, हे फूल कोण केलं?”

“मी. वाकडं झालंय. ही उसवून नीट करेल.”

ऑल्विनने चमकून आईच्या हाताकडे पाहिलं आणि पाणी आणायचं निमित्त करून आत गेला. परतला तेव्हा त्याचे डोळे लाल होते.

“नको उसवू,” अंजू म्हणाली. “हे समोर दिसायला पाहिजे.”

रविवारी चर्चमध्ये बाळ डोक्यावर पाणी पडताच जोरात रडलं. अंजूने घेराची घडी अशी घातली होती की ते फूल वरच राहिलं. दुसऱ्या दिवशी आम्ही फेरीबोटीने फोर्ट कोचीला गेलो. तिकीट अगदी स्वस्त आहे, आणि वारा खायला याहून चांगली जागा नाही. आईने तिथल्या दुकानात पांढऱ्या दोऱ्याची रिळं घेतली. कुणासाठी, ते सांगितलं नाही.

घरी येऊन आता बरेच दिवस झाले. कोचीचे फोटो फोनमध्ये तसेच पडून आहेत. डॉक्टरांनी हाताच्या व्यायामाला दिलेला रबरी चेंडू आईने कधी मनापासून दाबला नव्हता. आता दुपारची झोप झाली की ती रुमाल मागते आणि मला समोर बसवते. ती वरून टोचते, मी खालून ओढते. टाके अजून वाकडेच पडतात.

काल मी नेहमीसारखा हात रुमालाखाली नेला. आईने तो हळूच बाजूला सारला.

“थांब,” म्हणाली. “बघू दे मला.”