न खुडलेली ओळ

एप्रिलमधल्या एका सकाळी मी निलगिरीतल्या एका लहान चहामळ्यात पोचलो. मळ्याचे मालक अप्पा, त्यांची बायको आणि मुलगी मिळून तिथली खुडणी करत. बायको दोन वर्षांपूर्वी वारली. मळ्यातली झुडपं कमरेएवढी होती. फक्त ती खुडायची ती ओळ डोक्यावर गेली होती. अप्पा त्या ओळीला कोणाला हात लावू देत नव्हते.

"चहा खुडला नाही तर त्याचं झाड होतं, अप्पा. आई बोलली असती तुम्हाला," मुलगी म्हणाली.

"मग येऊ दे बोलायला."

अप्पांसोबत मी प्यायलो तो चहा फिकट, सुवासिक होता. मला वाटलं, गेलेल्या माणसाची जागाही न खुडल्यास त्या ओळीसारखीच वाढत असावी.

मुलगी टोपली घेऊन त्या ओळीत शिरली आणि पानांआड दिसेनाशी झाली. खुडण्याचा आवाज तेवढा येत राहिला. अप्पांनी कप खाली ठेवला आणि तिला न अडवता ते तो आवाज ऐकत बसले.