मुक्कामाची ड्युटी

त्या घरात सगळे तिला मावशी म्हणत. साहेब, वहिनी आणि अंथरुणाला खिळलेल्या आजीसुद्धा. आजींचं अंग पुसणं, भरवणं, कूस बदलणं हे तिचं काम. सकाळी यायची, दिवेलागणीला आपल्या घरी परतायची. साथ आली, सगळं बंद झालं, तेव्हा वहिनी म्हणाल्या, "मावशी, एक तर इथंच राहा, नाहीतर घरी बसा. ये-जा नको."

तिचा नवरा हॉटेलात वेटर. त्या हॉटेलाचं शटर त्याच आठवड्यात खाली आलं होतं. दोघांनी घरी बसून भागणार नव्हतं. ती राहिली.

वहिनी वाईट नव्हत्या. स्वतःच्या ताटात जे, तेच तिच्याही ताटात वाढायच्या. साहेब वर इस्त्रीचा शर्ट, खाली हाफपँट अशा थाटात आतल्या खोलीत कॉम्प्युटरपुढे बसायचे. पगार घरबसल्या येत होता, वर जाण्यायेण्याचा वेळ वाचत होता. मावशीला मात्र जिना उतरायचीही सोय नव्हती. कचऱ्याची पिशवी दाराबाहेर ठेवताना जेवढं बाहेर दिसेल तेवढंच.

एका दुपारी नवऱ्याचा फोन आला. मुलीला ताप होता.

"जाऊन नुसती बघून येते," ती वहिनींना म्हणाली.

वहिनींनी आजींच्या खोलीकडे पाहिलं. "जा, मी अडवत नाही. पण मग परत घेता येणार नाही हो. आजींच्या जिवाचा प्रश्न आहे."

तिनं नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "येऊ नकोस. तुझं काम गेलं तर औषध कशानं आणू? दोघांनी मिळून ताप बघत बसायचं का?"

तिनं मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं. मग डोळे पुसून आजींना भरवायला बसली.

ताप साधाच निघाला. पुढे बंदी उठली, ती घरी गेली, तर मुलगी बापाच्या मागे लपली. स्वयंपाकाला लागली तर तिखटाचा डबा सापडेना.

"वर नाही," मुलगी हळूच म्हणाली, "आमचं सगळं आता खाली असतं."

'आमचं' ऐकून मावशीचा हात फळीवर तसाच राहिला.

हॉटेल पुन्हा उघडलंच नाही. नवरा हातगाडीवर भाजी विकू लागला; पण काम गेलेला जो तो भाजीच विकत होता. इकडे वहिनींना रात्रीही माणूस असण्याची सवय लागली होती. "कायमच्या राहाल का?" त्यांनी पगार वाढवून विचारलं. "रविवारी घरी जात जा."

"तू म्हणशील तसं," नवरा म्हणाला.

"माझ्या म्हणण्यावर काही ठेवलंय का?"

सोमवारी मुलगी झोपेत असतानाच ती निघाली.