निळी वायर आणि थांबासर

खंडेनवमीला मी कॉलेजच्या सर्व्हरला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला, आणि मागे धूळ दिसली म्हणून निळी वायर उपसून, पुसून परत खोचली. शेजारच्या खाचेत. तेव्हा मी पन्नाशीची हेडक्लार्क होते आणि आपल्याला सगळं कळतं, या समजुतीत पक्की होते. आता नात मोबाइल शिकवते तेव्हा ती समजूत कुठे हरवली ते शोधते.

थांबासर म्हणजे आमचा कंत्राटावरचा कॉम्प्युटरवाला. सेनगावकडच्या तांड्यावरून जीपने यायचा. काहीही बिघडलं की दारातूनच म्हणायचा, "थांबा. कोनी हात लावू नका." ‘सर’ आम्ही चिडवायला जोडलेलं. तो प्राचार्यांनाही थांबवायचा, ते मला उद्धट वाटे. मला थांबवायचा, ते तर फारच.

त्याचं दुसरं पालुपद, "आधी मशीनला विचारायचं, मग माणसाला." एकदा प्रिंटर अडला आणि मी शिपायाला झाडलं. याने प्रिंटर उघडला, आतून माझीच टाचणी काढली आणि निमूट माझ्या टेबलावर ठेवली.

दसऱ्याच्या सुट्टीनंतरचा पहिलाच दिवस हा परीक्षेचे फॉर्म भरायचा शेवटचा दिवस होता. मशीन एकच, पण त्याच्या पोटात प्रवेश, परीक्षा, ग्रंथालय असे वेगवेगळे सर्व्हर चालायचे. त्या सगळ्यांवर लक्ष ठेवायचा थांबासरच्या कॉम्प्युटरवरचा पडदा सकाळी उघडेचना.

प्राचार्य म्हणाले, "बंद करून चालू करा. तुमचं कंत्राट याच महिन्यात संपतंय, लक्षात आहे ना?"

"थांबा सर. आतलं सगळं चालू हाय, पोरी फॉर्म भरून राहिल्या. फक्त आपली हुकूम द्यायची वाट तुटली. आता बंद केलं तर त्यांचे अर्धे फॉर्म जातील."

त्याने मशीनलाच स्क्रीन आणि कीबोर्ड जोडला. पत्ता बराबर. सेटिंग बराबर. मग तो मशीनच्या मागे उकिडवा बसला आणि एकेक दिवा बघू लागला. मीही वाकले. निळ्या वायरीच्या टोकाला माझं बोट उमटलं होतं, पिवळंधमक. मी पदर सावरला आणि खिडकीबाहेर बघू लागले, जणू पाऊस येतोय का ते पाहायचं कामही माझ्याकडेच होतं.

तो दिव्यांकडे बघत बसूनच राहिला.

"यांना झेपत नाही," प्राचार्यांनी फोन काढला. "नांदेडहून दुसरा माणूस बोलावतो. कंत्राटही त्यालाच देऊ."

"सर," माझा आवाज मलाच अनोळखी वाटला, "ती वायर मी काढली होती. पुसायला."

प्राचार्यांनी एकदा हाराकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि फोन खिशात ठेवला. थांबासरने वायर जागेवर लावली. पडदा उघडला.

त्याचं कंत्राट वाढलं. पुढे तो पुण्याला गेला, पण निळ्या वायरीवर त्याने चिकटवलेली ‘मॅडमसाठी न्हाई’ ही चिठ्ठी मी निवृत्त होईपर्यंत तिथेच होती.

त्या दिवशी चहा पिताना मी तोऱ्यातच विचारलं होतं, "एवढ्याशा वायरीला इतका वेळ काहून लागला रे?"

कपातून वर न बघता तो म्हणाला, "हळद तर बसल्याबरोबरच दिसली होती, मॅडम. मशीनला विचारून झालं होतं. मग तुमची वाट बघून राहिलो होतो."