ऊन पाणी

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. शेजारच्या मालतीवहिनी न्हाणीघराच्या भिंतीपलीकडून रोज हाक मारायच्या, “भाऊजी, तुमचं पाणी ऊन झालं का?” एका हिवाळ्यात म्हणाल्या, “झरोक्यातून वारा झोंबतो हो.” मी पुठ्ठा ठोकून झरोका बंद करून दिला. दुसऱ्याच सकाळी गॅस गिझरची विषारी हवा आत कोंडली आणि वहिनी गेल्या. पुठ्ठा कुणी लावला, हे कुणी विचारलं नाही.

आज सोसायटीतले सगळे गॅस गिझर निघाले, गच्चीवर सौरबंब बसले. मी नळ सोडला. ज्योत नाही, आवाज नाही. नुसतं उन्हानंच ऊन झालेलं पाणी. शेजारचं घर कधीचं रिकामं आहे, तरी भिंतीपलीकडून तीच हाक आली.

“झालं, वहिनी,” मी म्हणालो. ‘माझं चुकलं’ एवढं मात्र आजही ओठांबाहेर पडलं नाही.