दोनतीनदा दाबला की येतो

सायकली दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला अख्खी आळी ‘संशयी’ म्हणायची, तेही तोंडावर. नाव उगाच पडलं नव्हतं. दुकान बंद करताना तो कुलूप तीनदा ओढून बघायचा, चार पावलं जायचा आणि परत येऊन चौथ्यांदा ओढायचा. खुर्चीवर बसण्याआधी ती हाताने दाबून बघायचा. बायको म्हणायची, “लग्नाच्या वेळी तेवढं काही तपासलं नाहीत, म्हणून मी तरले.”

पण डोंगर उतरायच्या सायकलींच्या ब्रेकबाबत त्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. कुणी निळेशार ब्रेक हातात घेऊन “छान दिसतात” म्हणालं, की हा म्हणायचा, “मग घरी नेऊन कपाटात मांड. उतार तीव्र आणि दगडाधोंड्यांचा आहे ना? मग चकती मोठी घे. लहान चकती लगेच तापते, आणि तापली की तू ब्रेक दाबत राहतोस आणि सायकल आपली चाललेली असते. पॅड चकतीवर दाबणारे पिस्टन चार हवेत. पॅड धातूचे घे, कोकलतील, कोकलू देत. आणि ज्याचे सुटे भाग इथे मिळत नाहीत तो ब्रेक फुकट दिला तरी घेऊ नकोस.”

एवढ्यावर भागायचं नाही. ब्रेक बसवला की तो सायकल पुढच्या चाकाने छताच्या हुकाला टांगायचा आणि पुरा एक दिवस तशीच ठेवायचा. मग खाली उतरवून ब्रेक दाबायचा. पहिल्याच दाबात कडक लागला तर सायकल द्यायची, नाहीतर सगळं काम पहिल्यापासून. दुसरा दाब त्याच्या हिशेबी नव्हताच. घाईतलं गिऱ्हाईक चरफडायचं, “सायकल आहे की वटवाघूळ?” का टांगतो हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही.

दुपारी रस्ता सामसूम झाला की त्या टांगलेल्या सायकलींतून त्याला आवाज यायचा. “दादा, ब्रेक मऊ लागतोय.” अगदी धाकट्या भावाचा, जरा अनुनासिक. जळक्या पॅडचा वासही यायचा. सुरुवातीला तो दचकायचा. पुढे पुढे तो मान वर न करता पुटपुटायला लागला, “बघतो रे, बघतो.”

बारा वर्षांपूर्वी धाकट्याचा पुढचा ब्रेक त्यानेच बसवला होता. नळीत तेल भरलं, सायकल उभी ठेवून ब्रेक दाबला, दगडासारखा कडक. पण तेलात हवेचा एक बुडबुडा राहिला होता. सायकल उभी असेतो तो वर कोपऱ्यात गप बसला. धाकट्याच्या घरी जागा कमी, म्हणून त्याने सायकल पुढच्या चाकाने भिंतीला टांगली, आणि बुडबुडा जागचा हलून नळीत आला. सकाळी उताराकडे जाताना धाकटा दुकानाशी थांबला. “दादा, ब्रेक मऊ लागतोय.” दुकानात गर्दी होती. हा मान वर न करता म्हणाला, “दोनतीनदा दाबला की येतो.” दाबला. आला. धाकटा गेला.

दोनतीनदा दाबल्यावर येणाऱ्या ब्रेकमध्ये हवा असते, हे या धंद्यात शेंबडं पोरही जाणतं. त्यालाही ते त्याच क्षणी ठाऊक होतं. डोंगरावरून धाकट्याला खाली आणलं तेव्हा लोक म्हणाले, “वेग नडला.” सगळे याच्याकडे बघत होते. याने ‘हो’ म्हणून मान हलवली. ती एकदा हलवलेली मान त्याला पुन्हा कधी सरळ करता आली नाही.

परवा धाकट्याची मुलगी दुकानात आली, तीच सायकल घेऊन. आता एकोणीस वर्षांची. पुढचं चाक त्या अपघातात गेलेलं, म्हणून मैत्रिणीकडून मागून आणलेलं.

“काका, आईला सांगू नका. रविवारी उतारावर जायचंय. ब्रेक नवीन घेऊ का? हा पहिल्यांदा मऊ लागतो,” तिने लिव्हर दाबून दाखवला, “पण दोनतीनदा दाबला की येतो की!”

तेच शब्द.

“कुणी सांगितलं तुला असं?”

“कुणी कशाला सांगायला हवं? दाबला, आला.”

त्याने फळीवरून नवा ब्रेक काढला. चार पिस्टन, मोठी चकती, सगळं चोख. जुना सोडवून भंगारात टाकला असता तर गोष्ट तिथेच संपली असती. तो पाना घेऊन वाकलाही. पण हात चालेना.

“पोरी, हे बघ आधी.”

त्याने जुन्या ब्रेकला पारदर्शक पिचकारी लावली आणि दट्ट्या हळूहळू ओढला. काळपट तेल वर चढलं, आणि त्यातून मोहरीएवढा एक बुडबुडा सुटून वर आला. मग बोलता बोलता त्याने त्या सकाळचं सगळं सांगितलं. गर्दीचं, मान वर न केल्याचं, नंतर मान हलवल्याचं.

ती पिचकारीकडे बघत राहिली. “एवढासा?”

“एवढासाच.”

“आईने घरात बाबांचा एकही फोटो ठेवला नाहीये, काका. म्हणते, ज्याला आमच्यापेक्षा वेग प्यारा होता त्याला भिंतीवर कशाला मिरवायचं.”

ती रडली नाही, ओरडली नाही. ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

“चला,” ती म्हणाली. “आईला तुम्ही सांगायचं. मी नाही सांगणार.”

भावजयीने दार उघडलं. उंबऱ्यातच उभं राहून त्याने सगळं सांगितलं, एक शब्द गाळला नाही. शिव्या ऐकायची तयारी ठेवूनच तो आला होता. पण तिने एवढंच विचारलं,

“म्हणजे ते थांबायला बघत होते?”

“हो. खबर कळताच धावत मीच पोचलो होतो ना पहिला. लिव्हर पार मुठीला टेकला होता, आणि बोटं त्यावर आवळलेली. मी एकेक करून सोडवली.”

“आणि हे तुम्ही बारा वर्षं मला सांगितलं नाहीत, दादा,” ती म्हणाली. मग लेकीकडे वळून म्हणाली, “माझ्या कपाटात, साड्यांच्या खाली बघ. तिथे फोटो आहे.”