फाटकवाल्या मार्सेलिनचा नवरा पळाला तेव्हा

आमच्या गावची रेल्वे बंद होऊन जमाना झाला, पण मार्सेलिनमावशीचं फाटक काही उघडलं नाही. म्हणजे लोखंडी दांडा सरकारनं केव्हाच उचलून नेला, रूळ उपटले, त्या जागी गुळगुळीत डांबर घातलं आणि पाटी लावली, की ही वाट फक्त सायकलींची आणि पायी चालणाऱ्यांची, मोटारींनी इकडे फिरकू नये. पण फाटकाशेजारच्या दोन खोल्यांत मावशी राहतच होती, आणि दाराबाहेरच्या बाकावर बसून तिची नोकरी चालूच होती. पूर्वी ती गाड्यांसाठी माणसं थांबवायची, आता माणसांसाठी सायकली थांबवायला लागली. माणसं म्हणजे ती एकटीच. तिला रस्ता ओलांडून कोंबड्यांकडे जायचं असलं, की हात वर. डच, जर्मन, पॅरिसवाले, सगळे करकचून ब्रेक दाबत. एकानं घंटी वाजवली तर ती म्हणाली, "घंटी गाईच्या गळ्यात बांध. माझ्यापुढे तीस डब्यांची मालगाडी शिट्टी मारून थकायची."

तिची आई त्याच फाटकावर होती. आईनंतर ती. लेओन्स त्या लाईनीवर रूळ आवळणाऱ्या टोळीत होता, त्याच्याशी तिचं लग्न झालं. चर्चमधून वरात निघाली तेव्हा मालगाडीची वेळ झाली होती, आणि बदली बाई आलेली नव्हती. नवरीनं पांढरा झगा गुडघ्यापर्यंत उचलून फाटक पाडलं आणि स्वतःच्याच वरातीला गाडी जाईपर्यंत ताटकळत ठेवलं. गावात अजून सांगतात, की लेओन्स तेव्हापासून थांबलाय तो थांबलायच.

रेल्वे त्या दोघांना फुकट पास द्यायची. मावशीनं तो एकदाही वापरला नाही. फाटक कोणाच्या जिवावर सोडायचं? पुढच्या फाटकावरच्या इवेतशी ती उभ्या जन्मात फक्त फोनवर बोलली. "सोडली गं," ही म्हणायची. "आली गं," ती म्हणायची. तोंड दोघींनी एकमेकींचं पाहिलं नव्हतं. मग लाईनच बंद झाली, पास कुठल्याशा खणात पिवळा पडला, आणि मावशीनं गावाबाहेर पाऊल न टाकल्याचा विक्रम अबाधित राहिला. सायकलीचा तर तिला मनस्वी राग. रूळ गेले ते या दोन चाकांमुळेच, असं तिचं पक्कं मत होतं. उलट लेओन्स निवृत्त झाल्यावर सायकलीच्या इतका नादी लागला, की त्याला झोपेतही चढ लागायचा. गेल्या हिवाळ्यात त्याच्या छातीत दुखलं. डॉक्टर म्हणाले, सायकल बंद. मावशीनं ते वाक्य इतक्या आनंदानं गावभर सांगितलं, की छातीचं राहिलं बाजूला. लेओन्सनं सायकल विकून टाकली. विकून टाकली असं तो म्हणाला, आणि आम्ही मानलं.

आता त्या मंगळवारचं सांगतो. मे महिना, सकाळची वेळ. मी जुन्या स्टेशनात सायकली भाड्यानं देतो. तालुक्याच्या शाळेत शिकून इतपत प्रगती केली आहे. दुकान उघडून पाव आणायला गेलो, तर पोलेतच्या बेकरीत गर्दी, पण पाव कोणी घेत नव्हतं. पोलेत गल्ल्यामागे उभी होती, पिठाचे हात छातीवर ठेवून. तिचा एप्रन पांढरा होता, चेहरा त्याहून पांढरा.

पहाटे लेओन्स आला, ती सांगत होती. एकाऐवजी दोन लांब पाव घेतले. बकरीचं चीज घेतलं. गालावर ताजा वस्तरा फिरवलेला होता. आणि वाकून हळूच म्हणाला, "आज छोट्या राणीला घेऊन मठापर्यंत. मार्सेलिनला बोलू नका."

सगळ्यांनी पिशव्या खाली ठेवल्या.

आमच्याकडे 'छोटी राणी' कोण, हे शेंबडं पोरही सांगेल. केस कापणारी रेन. आमच्या फ्रेंचमध्ये रेन म्हणजेच राणी. तिच्या आईचंही तेच नाव, म्हणून आई थोरली राणी आणि ही छोटी. वय पन्नाशीला आलं, पण गावानं बढती दिली नाही. नवरा वारलेला, उंची बेताची, हसणं बेताबाहेर. कोणीतरी धावत जाऊन तिचं दुकान बघून आलं. शटर खाली. सोमवारी केसवाल्यांची सुटी असते, ते ठीक. पण मंगळवारी? मंगळवारी तिचं दुकान तिचा नवरा गेला त्याच आठवड्यात काय ते बंद होतं.

"दोन पाव," पोलेत पुन्हा म्हणाली. जणू पावांनीच पाप केलं होतं.

पळून जायचं तर मठाकडे कोण जातं, असं मी विचारलं. माझ्याकडे सगळ्यांनी असं पाहिलं, जणू मीच त्यांना गाडीभाडं दिलं होतं. मग प्रश्न निघाला, की मावशीला सांगणार कोण. मेयरसाहेबांना एकदम नगरपालिका आठवली. पाद्रीबाबा तीन गावं सांभाळतात, ते नेमके दुसऱ्या गावी होते. पोलेत म्हणाली, "रेमी, तुझी सायकलींची शेड तिच्या घराला सगळ्यात जवळ." मला वाटतं, जगात वाईट बातम्या अशाच पोचतात. जो सगळ्यात जवळ राहतो, तो नेतो.

मावशी बाकावर बसून वाटाणे सोलत होती. मी हवापाण्याचं काढलं. तिनं ते ऐकून घेतलं. मग कोंबड्यांचं काढलं.

"रेमी," ती म्हणाली, "तू पाव न घेता बेकरीतून आलायस. कोण मेलं?"

मी सांगितलं. कसं सांगितलं ते मला आठवत नाही. मधे 'मठ' आलं, 'दोन पाव' आलं, आणि शेवटी रेनचं नाव आलं. वाटाण्याचं पातेलं तिच्या मांडीवरून घसरलं आणि वाटाणे डांबरावर उतारानं पळत सुटले. तिनं ते उचलायला हात पुढे केला नाही. समोरून दोन सायकलवाले आले, ते सवयीनं थांबले, तिनं हात केला नाही म्हणून गोंधळले आणि तसेच उभे राहिले. मी त्यांना जा म्हणून खुणावलं.

ती बोलली, ते मला नाही, समोरच्या द्राक्षाच्या मळ्याला. "चाळीस वर्षं मी त्याचे पायमोजे शिवतेय."

मला वाटलं, आता रडेल. ती उठली, आत गेली आणि रेल्वेनं दिलेली जुनी निळी टोपी घालून बाहेर आली.

"मला काहीतरी दे ज्यावरून पडता येत नाही," ती म्हणाली.

माझ्याकडे एक तीनचाकी होती. बॅटरीवर जोर घेणारी, पुढे मोठी लाकडी पेटी. डच लोक त्यात पोरं आणि कुत्री बसवतात. मी तिला ब्रेक दाखवला, घंटी दाखवली. घंटीला तिनं हात लावला नाही. पहिल्या फेरीत ती माझ्या शेडच्या भिंतीवर गेली, दुसऱ्या फेरीत पोलेतच्या बेकरीसमोरून. सगळी बेकरी काचेला चिकटली होती. फाटकवाली मार्सेलिन सायकलवर, हा त्या दिवसाचा दुसरा धक्का. खरं सांगायचं तर पहिल्यापेक्षा मोठा. नवरे काय, पळतातच.

मी माझी सायकल घेऊन मागोमाग निघालो. मळे मागे पडले, जंगल आलं. मावशी दोन्ही हातांनी हँडल आवळून, मान ताठ ठेवून, गाईच्या चालीनं जात होती. आम्हाला ओलांडून जाणारा प्रत्येक जण 'बोंजूर' म्हणत होता आणि ती एकालाही उत्तर देत नव्हती. बोगद्यात शिरलो तेव्हा पुढून नाक ओढल्याचा आवाज आला. मी अंतर ठेवलं. बोगदा संपला तरी आवाज संपला नव्हता.

पुढे इवेतचं फाटक आलं. त्या घराचं आता डोशासारखी पातळ धिरडी घालणारं हॉटेल झालंय. मावशी थांबली. आत जाऊन तिनं इवेतची चौकशी केली. तरुण मालकीण म्हणाली, त्या तर फार वर्षांपूर्वी गेल्या. मावशी दारात उभी राहिली, भिंतीवर जिथे फोन असणार तिथे बघत. "इतकं जवळ होतं होय," ती म्हणाली. मग पुन्हा चढली. त्यानंतर तिचं रडणं थांबलं.

नदीवरचा पूल ओलांडला, दगडी घरांची दोन गावं ओलांडली, आणि चर्चची घंटा दुपारचे ठोके देऊ लागली. मावशीनं ब्रेक दाबला.

"आता जेवायचं," ती म्हणाली.

मी म्हटलं, मावशी, ते पुढे निघून जातील.

"अरे, तो लेओन्स आहे. बाराचा ठोका पडला की तो बाई घेऊन पळत असला, तरी बसणार. दोन वाजेपर्यंत त्याला तोफ लावून उठव बघू."

हे आमच्यातल्या कोणत्याही पुरुषाबद्दल खरं आहे. तरी मी तिला कसंबसं पुढे काढलं, मठाच्या गावापर्यंत. आणि तिथे, चौकातल्या कारंज्याच्या कठड्यावर, मांडीवर रुमाल पसरून, लेओन्स बसला होता. टकलावर ऊन, हातात सुरी, शेजारी दीड पाव. एकटा.

त्यानं वर पाहिलं. आधी टोपी दिसली असावी, मग तीनचाकी, मग तीनचाकीवरची बायको. सुरी पाण्यात पडली.

"कुठाय ती?" मावशी म्हणाली.

लेओन्सचा चेहरा उतरला. "तिकडे. झाडामागे." मग एकदम त्याला कंठ फुटला. "मार्सेलिन, चुकलो. खोटं बोललो मी. पण तिच्याशिवाय मला जमत नाही गं. आपल्या गावातल्या फेर्नाँच्या गोठ्यात लपवून ठेवली होती. हिवाळाभर रोज जाऊन तेल लावून यायचो."

"तेल?" मावशी म्हणाली.

"नाहीतर गंजेल ना."

मावशी तीनचाकीवरून उतरली, झाडाला वळसा घालून गेली. मीही गेलो, आयुष्यात असं पुन्हा बघायला मिळणार नव्हतं. झाडाला टेकून लेओन्सची निळी सायकल उभी होती.

आता माझ्या डोक्यात प्रकाश पडला, तो असा पडला की बसायला जागा शोधावी लागली. सायकलीला आमची जुनी माणसं छोटी राणीच म्हणतात. शर्यतीच्या दिवसांत रेडिओवर अजून तोच शब्द असतो. अख्ख्या गावाला तो ठाऊक आहे. दिवसभर सायकली भाड्यानं देणाऱ्या मला तर घरचाच. पण लेओन्सनं सायकल विकली म्हटल्यावर गावात राणी एकच उरली होती, आणि तिचं शटर खाली होतं. मी लेओन्सला हे समजावून सांगितलं. तो ऐकत गेला तसा तांबडा होत गेला, आणि मग मोठ्यानं हसत सुटला. "मी आणि रेन! अगं, मी आणि रेन!"

मावशी हसली नाही. त्याच्या शेजारी कठड्यावर बसली, पाव मोडला, चीज लावलं, खाल्लं.

"बोगद्यात मी रडले," ती म्हणाली. "तुझ्या नावानं. पुलावर आले तेव्हा ठरवलं, तुझं कपाट बाहेर काढायचं आणि तिथे खुर्ची ठेवायची, खिडकीपाशी. शेवटच्या गावात ठरवलं, कोंबड्या पोलेतला द्यायच्या. इथे चौकात शिरताना, लेओन्स, मला सवय झाली होती."

लेओन्सचं हसू जिथे होतं तिथेच थांबलं. "कसली सवय?"

"तू नसल्याची. इतकी काही वाईट नव्हती."

सकाळपासून गावाला बसलेले सगळे धक्के एकत्र केले, तरी लेओन्सच्या तोंडाएवढे झाले नसते. बाई पळवल्याचा आरोप त्यानं हसण्यावारी नेला होता. हा त्याला पेलवेना. तो माझ्याकडे बघू लागला, जणू मी ते वाक्य परत घेऊ शकतो.

"मग आता?" त्यानं विचारलं. "घरी… येऊ ना मी?"

मावशीनं मांडीवरचे पावाचे तुकडे कबुतरांना झटकले. "घरी कोण चाललंय? जन्मभर मी गाड्या पुढे सोडल्या. त्या जातात कुठे ते मला बघायचंय. लाईन संपते तिथपर्यंत." तिनं तीनचाकीकडे बोट केलं. "तुला यायचं तर त्या पेटीत बस. पायडल मारायचं नाही, डॉक्टरनं सांगितलंय."

ती पेटी कुत्र्यांची आहे, हे मी सांगायला हवं होतं. लेओन्सनं विचारलंही नाही. उरलेला पाव काखेत घेतला, पाय पोटाशी घेतले आणि बसला, तोंड तिच्याकडे करून, मावशी दिसत राहावी म्हणून. दोन वाजायचे होते. आमच्या गावचा माणूस जेवण अर्धं टाकून उठला, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

एका हातानं माझी सायकल आणि दुसऱ्या हातानं ती निळी राणी ढकलत मी गावात पोचलो तेव्हा बेकरीसमोर सगळे जमलेले होते. मधोमध रेन उभी होती, नुकतीच बसमधून उतरलेली, गाल टम्म सुजलेला, तोंडात कापूस. दाढ काढायला गेली होती. गावानं तिचं दुसरं लग्न लावून टाकल्याचं तिला एव्हाना समजलं होतं, आणि कापसातून जे शब्द येत होते त्यांतला एकच मला स्पष्ट कळला: "टकल्याबरोबर?" धंद्याचा अपमान तिला अब्रूपेक्षा जास्त लागला होता.

पोलेतनं रिकामी सायकल पाहिली आणि तिचे हात पुन्हा छातीवर गेले. लेओन्स कुठे आहे, तिनं विचारलं.

"पळून गेला," मी म्हटलं. "मार्सेलिनबरोबर."