जास्तीची ओळ

"यातली जास्तीची ओळ कोणती?" कविता वाचून झाली, की आमचे शेजारी कागद माझ्यापुढे धरत आणि कानामागची पेन्सिल काढून देत. कविता त्यांचीच असे. प्रत्येक कवितेत एक ओळ जास्त असते, असं त्यांचं ठाम मत होतं.

अमेरिकेत, श्रूजबरीत आम्ही घर घेतलं तेव्हा ते निवृत्त झालेले होते. गिरणी कामगाराचा मुलगा. जवळच्या कॉलेजात चाळीस वर्षं कविता शिकवली. तरुणपणी पहिल्या पुस्तकाला बक्षीस मिळालं. दुसरं आलंच नाही, कारण हे ओळी काढत बसले. "काही कवितांचं तर नुसतं शीर्षक उरलंय," असं सांगून स्वतःच हसायचे.

असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. छान म्हटलं की त्याचा चेहरा पडतो. मी नेमकं तेच म्हणायचो. वडीलधाऱ्यांच्या लिहिण्यात चुका काढायच्या, हे मला जमायचंच नाही. बायको चिडवायची, "ऑफिसात दिवसभर लोकांच्या सॉफ्टवेअरमधले बग काढतोस, आणि प्रोफेसरकाकांसमोर नुसतं छान छान? सांग ना यार काहीतरी."

त्यांची पत्नी वारली. तिचा कोट दाराशी खुंटीवर तसाच होता, त्यावर त्यांनी बारा ओळी लिहिल्या आणि मला आणून दिल्या. "ही शेवटची. तू ओळ सांगितलीस की दुसरं पुस्तक प्रकाशकाला पाठवतो."

मी कागद फ्रिजवर मॅग्नेटखाली लावला. हिवाळाभर आम्ही आपापल्या ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसत असताना ते विचारत, "सापडली?"

"अजून नाही. सगळंच छान आहे."

ते मान हलवत आणि पुन्हा फावडं उचलत.

मार्चमध्ये ते गेले. घर आवरायला आलेली त्यांची मुलगी आमच्याकडे आली. म्हणाली, "बाबांच्या पुस्तकाचा गठ्ठा तयार आहे. फक्त शेवटची कविता नाही. तिच्या जागी ही चिठ्ठी होती."

चिठ्ठीत पेन्सिलीने लिहिलं होतं, 'शेजाऱ्याकडे आहे. तो शोधतोय.'

मला रडू आलं नाही. खरं म्हणजे काहीच वाटलं नाही. फ्रिजवरचा कागद काढून मी तिला दिला. तिने तो उभ्या उभ्या वाचला.

"मग? कुठली ओळ काढायची?"

"सगळंच छान आहे," मी म्हणालो.

ती कागद घेऊन गेली. अकरावी ओळ मला पहिल्याच दिवशी खटकली होती.